भाविकाचा दुसरा डोस

शाळा उघडायला चार दिवस उरले होते. चोपड्याजवळच्या त्या जिल्हा परिषद शाळेत चारुलता मॅडमनी पाण्याची टाकी घासून घेतली, नळापाशी साबण टांगले, कोठीची खोली मोकळी करून तिथं खाट टाकली. ताप आलेलं मूल यंदा वर्गात बसणार नव्हतं.

"फार मनावर घेतलंत तुम्ही," मुख्याध्यापक जीवराम सर म्हणाले.

मॅडमनी खाटेवर चादर अंथरली. मनावर काही घेतल्यासारखं त्यांना वाटतच नव्हतं. काम समोर येई, हात चालत.

फेब्रुवारीत त्यांच्या वर्गातली ऋतिका गोवरानं गेली. तिच्यामागोमाग नऊ मुलं आजारी पडली. ती सगळी बरी होऊन उठली.

लस राहिलेल्या अकरा मुलांची यादी घेऊन मॅडम उपकेंद्राच्या हमीदा सिस्टरांबरोबर घरोघर फिरत होत्या. सातवं नाव भाविकाचं. ऋतिकाची धाकटी बहीण, यंदा पहिलीत.

तिचा बाप तोताराम केळीच्या बागेतून नुकताच आला होता. त्यानं पाणी दिलं, लसीचं कार्ड पुढं केलं. "देखी ल्या, मॅडम. दुसरा डोस बाकी शे."

सिस्टर सुई भरू लागल्या. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "तोतारामभाऊ, त्या दिवशी ऋतिकाला ताप आहे हे मला अकरालाच कळलं होतं. चाचणी होती. मी तिला पाचपर्यंत बसवून ठेवलं."

चार महिने अडून राहिलेलं बोलणं बाहेर पडलं, तरी छातीत काही हललं नाही.

तोताराम कार्डाकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "आमले सकायलेच मालूम व्हतं. तापनी गोयी दिसन धाडं तिले. घर कोनी नई व्हतं."

त्याची बायको मोनाली भाविकाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं वर न पाहता मुलीची बाही सरकवली. सुई टोचली तशी भाविका रडली. सिस्टरांनी कार्डावर तारीख घातली.

"ताप वाटला तर शाळेत धाडू नका. मला फोन करा," मॅडम म्हणाल्या.

"करसू," तोताराम म्हणाला.

बाहेर आल्यावर सिस्टरांनी हळूच विचारलं, "सांगून बरं वाटलं का?"

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी आठव्या घराची कडी वाजवली.