पोस्टाच्या आधी

हरिहरने डोक्यावरचं हेल्मेट काढून डोनोव्हनसाहेबांच्या टेबलावर असं आदळलं, की कपातला चहा बशीत आला. साहेबांनी बशी उचलली, चहा शांतपणे परत कपात ओतला आणि समोरची खुर्ची दाखवली.

"बस. पोरगी कशी आहे? अनिताच ना?"

या गोडव्यानेच हरिहरचं टाळकं सटकायचं. अनिताचं लग्न रविवारवर आलेलं, गुहागरला दारात मांडव उभा राहिलेला, आणि नवरीचा बाप किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीच्या कॅम्पात शटरिंगच्या फळ्या ठोकत बसलेला. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे कामावर आणणाऱ्या अरब मालकाकडे. त्यावर रजेचा शिक्का बसल्याशिवाय जेद्दाहून उडता येत नव्हतं, आणि महिनाभर खेटे घालूनही साहेबांच्या तोंडून ना 'हो' निघत होतं, ना 'नाही'. 'तुझं काम मी जातीनं बघतोय,' एवढंच.

कॅम्पचे हे मॅनेजर म्हणजे आयर्लंडचे माजी खासदार. पाच निवडणुका जिंकून सहावीत आपटलेले. बावीस वर्षांत संसदेत भाषण केलं एकच, तेही मेंढ्यांच्या खरजेवर. पण मतदारसंघातलं मयत म्हणून एक चुकवलं नाही. एकदा घाईत भलत्याच घरात शिरून त्यांनी तिथल्या बाईचं तासभर सांत्वन केलं. शेवटी नवरा आतल्या खोलीतून डोळे चोळत बाहेर आला, आणि पुढे त्यानेही मत यांनाच दिलं. असं साहेबच सांगायचे. खरंखोटं तो नवरा जाणे.

पण आज हरिहर किस्से ऐकायला आलेला नव्हता. आत्ताच पाण्याच्या टाकीपाशी ऑफिसातल्या अलीने त्याला बाजूला घेतलं होतं. अली दापोलीचा, गाववाल्यासारखाच. हरिहरभाऊंचा पासपोर्ट गेल्या आठवड्यातच शिक्का बसून आलाय, साहेबांनी ड्रॉवरमध्ये ठेवलाय, मी स्वतःच्या हाताने देईन म्हणालेत, असं त्याने हळूच सांगितलं होतं.

"साहेब, ड्रॉवर उघडा," हरिहर म्हणाला.

साहेबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी ड्रॉवर उघडला, कोटाची बटणं लावली, आणि पदक द्यावं तसा पासपोर्ट उभं राहून पुढे केला.

"अभिनंदन. कफीलशी फार झगडावं लागलं."

"कधी झगडलात? गेल्या आठवड्यात आलाय हा."

साहेब खाली बसले. 

"कुणाशीच नाही झगडलो," ते म्हणाले. "तिकडे आयर्लंडातही नाही. एखाद्या म्हातारीची पेन्शन सरकार देणारच असायचं. मी फक्त मंजुरीची बातमी घेऊन पोस्टाच्या आधी तिच्या दारात पोचायचो."

"मग हा इतके दिवस का दाबून ठेवलात? हळद, ग्रहमख, सगळं हुकलं माझं."

"आल्या आल्या हातात दिलं, तर माणसाला वाटतं आपोआप झालं."

हरिहरच्या जिभेवर गुहागरी शिव्यांची अख्खी पंगत येऊन बसली होती. पण इतक्या सरळ कबूल करणाऱ्याला शिवी तरी कुठली वाढायची? त्याने हेल्मेट उचललं.

"आणि निवडणुकीत पडलात कसे मग?"

"पोस्टातली बाई गावभर बोलली," साहेब म्हणाले आणि गार झालेला चहा प्यायले.

खोलीवर येऊन हरिहर बॅग भरायला लागला. कपडे कोंबता कोंबता त्याची वाफ निघतच होती. खोलीतला पांडू वेल्डर बराच वेळ दारात उभा होता. त्याची बायको दिवस भरत आले म्हणून माहेरी गेली होती, आणि त्याचाही पासपोर्ट अजून कफीलकडेच होता. तो आत आला, बॅगेची चेन ओढायला मदत करू लागला.

"दादा, तुमचं काम साहेबांनी केलं ना?"

हरिहरने तोंड उघडलं. पांडूचे हात चेनवर थांबले होते.

"हो," हरिहर म्हणाला.

"माझं काही निघालं का?"

हरिहरने उगाच एक शर्ट परत घडी केला.

"मी बोललोय तुझ्याबद्दल. जातीनं."

पांडूने एकदम बॅग उचलून खांद्यावर घेतली आणि बसच्या दिशेने चालू लागला. चाकं होती बॅगेला. हरिहर रिकाम्या हातांनी त्याच्या मागे निघाला, आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाच्या घरची चौकशी करत गेला.