वाट सरत नही

रविवार उजाडला की धुळ्याहून जळगावची बस धरायची, हे दिपमालाचं कॉलेजपासूनचं ठरलेलं. जळगावात तिच्या मैत्रिणीच्या, पलकच्या, वडिलांचं कापडाचं दुकान होतं. वरच्या खोलीत साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये पलकचा कीबोर्ड आणि लॅपटॉप. चाल पलकची, शब्द आणि गळा दिपमालाचा. पलकला जुन्या विलायती न्यू वेव्ह पॉपचं वेड. मशीनचा कोरडा ठेका आणि त्यावर सिंथचे लांबच लांब सूर. दिपमाला त्यात अहिराणी बसवायची. ऐकणारे विचारायचे, "हे लग्नात वाजेल का?"

त्या रविवारी ती पोहोचली तीच अर्धमेली होऊन. आठवडाभर कॉलेजात तासिका घेतलेल्या, वर पेपर तपासणी, आणि पारोळ्यापर्यंत बसमध्ये उभी.

"नुसतं मापाला गाऊन ठेव," पलक म्हणाली. "खरं रेकॉर्डिंग नंतर करू."

दिपमाला गठ्ठ्याला टेकली आणि डोळे मिटून गायली.

'पाय दुखतस वं माय, वाट काय सरत नही...'

आवाज चढलाच नाही. शेवटच्या ओळीला दम पुरला नाही. गाणं संपलं तशी ती तिथेच आडवी झाली.

पुढचे काही रविवार तिला जमलं नाही. मग एके दुपारी स्टाफरूममध्ये सुलक्षणा मॅडमनी मोबाइल पुढे केला. "तुम्हा दोघींचं नवं गाणं नेटवर आलंय की! बरं नव्हतं का तुला?"

तेच मापाचं गाणं. तोच पडलेला आवाज. दिपमालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी जिना चढताच तिने विचारलं, "मला न विचारता टाकलंस?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?" पलकचे डोळे तांबारले होते. दिवसभर गिऱ्हाइकं, घरी लग्नाचा तगादा, आणि उरल्या वेळात हे. "तुझी आधीची गाणी गोड आहेत गं. पण त्यात गॅदरिंगमधली मुलगी गाते. आता आपण तशा राहिलोय का? आणि आणखी थांबले असते, तर तू यायचीच बंद झाली असतीस. मलाही आता ओढवत नाही, दिपा."

"काढून टाक ते."

पलकने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. "तू काढ."

दिपमालाने आधी ते ऐकलं. पहिल्यांदाच, शेवटपर्यंत. जिथे तिचा दम तुटला होता, तिथे पलकने काहीच झाकलं नव्हतं. ठेकासुद्धा थांबवून, तो तुटलेला श्वास तसाच ठेवला होता. मग हळूच सिंथ आला. दिपमालाला रडू आलं नाही, तेवढं त्राणच नव्हतं. तिने लॅपटॉप मिटला.

"पुढच्या वेळी विचारायचं."

"विचारीन."

राग गेला नव्हता. पण गाणं राहिलं. फार कुणी ऐकलं नाही. भुसावळहून एका नर्सबाईंनी मात्र गाण्याखाली लिहिलं, की ड्यूटीवरून घरी जाताना हेच लावते.

लॅपटॉप मिटला त्या दिवशी दोघींनी नवीन काही केलं नाही. खालून चहा आला, तो प्यायल्या आणि गठ्ठ्यांना टेकून बसून राहिल्या.