तळ्याची चाळिसावी काच

बोझेना हावेल्कोवानं आपल्याच मुलानं काढलेली एकोणचाळीस चित्रं स्वतःच्या हातानं खरवडून काढली होती, आणि तिला त्याचं काडीइतकंही वाईट वाटलं नव्हतं. उलट शेजारच्या बायांना तोऱ्यात सांगायची, हे आमच्या लुबोरचं, रेघ बघा कशी आहे, आणि सांगता सांगता पातं चालवायची.

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली तशी शिकागोत पिनबॉलची, म्हणजे नाणं टाकून गोळी उडवायच्या खेळाची, नवी यंत्रं बनवायला बंदी आली. तांबं-लोखंड सगळं बॉम्बगोळ्यांना. मग बोझेना ज्याच्या कारखान्यात कामाला होती त्या कुबातसारख्यांनी जुन्याचं नवं करायचा धंदा काढला. गुत्त्यांतून जुनी यंत्रं यायची. तारा त्याच, स्प्रिंगा त्याच, गोळीही तीच. फक्त बदक होतं तिथं शत्रूचं जहाज रंगवायचं आणि समोरच्या उभ्या काचेवर पेटलेला समुद्र. कालपर्यंत बदकं मारणारा माणूस आज छाती फुगवून जहाजं बुडवायचा. घरी बायकोपुढं तोंड उघडायची हिंमत नाही, पण इथं आरमार बुडवतोय!

ती उभी काच म्हणजे बोझेनाचं काम. तिच्यावर चित्र मागच्या बाजूनं काढतात, त्यामुळं सगळा उलटा कारभार. डोळे आधी, मग चेहरा, मग कपडे, आणि आभाळ सगळ्यात शेवटी. खरवडताना अर्थातच आभाळ आधी जातं. लुबोरनं लढाईआधी याच बाकावर बसून चाळीस काचांवर गोठलेलं तळं आणि त्यावर घसरणारी पोरं रंगवली होती. त्यातली एखादी ठेवून घ्यावी असं बोझेनाच्या मनातही आलं नाही. येतच होत्या की एकामागून एक. आणि काढणारा धडधाकट होता, आरमारात होता, दर पंधरवड्याला पत्र पाठवत होता.

मार्चमध्ये तार आली. बेपत्ता. चर्चमध्ये बाया गळ्यात पडायला लागल्या तेव्हा तिनं त्यांना हातानंच थांबवलं. बेपत्ता म्हणजे सापडत नाही एवढंच, असं ती ज्याला त्याला ठणकावून सांगायची. मात्र त्या दिवसापासून जुन्या यंत्राचा प्रत्येक खोका आला की सगळ्यांच्या आधी तीच उघडायची.

चाळिसावी काच मे महिन्यात आली, अठराव्या रस्त्यावरच्या झेलेंकाच्या गुत्त्यातून. बोझेनानं ती भिंतीकडं तोंड करून ठेवली आणि दोन दिवस दुसऱ्याच काचा घासत बसली. झेलेंकाला यंत्र शुक्रवारी हवं होतं, त्याच्या गल्लीतली पोरं लढाईवर निघाली होती, त्यांची मेजवानी होती. तो दोनदा येऊन कुबातच्या डोक्यावर बसून गेला. बोझेनानं सरळ सांगितलं, मी खरवडणार नाही आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.

कुबात चिडला. तशी जाड काच आता औषधालासुद्धा मिळत नव्हती. पण लुबोरच्या बाप्तिस्म्याला त्याला हातावर धरून उभा राहिलेला हाच माणूस. शुक्रवारी सकाळी तो फूटपट्टी घेऊन आपल्या खोलीत गेला आणि बाहेर आला तो कपाळ पुसतच.

"माझ्या खोलीच्या दाराची काच बसते," तो म्हणाला. "ती काढतो झेलेंकासाठी. ही तू घरी ने, बोझेना. दिवाणखान्यात लाव. तेवढीच पोराची आठवण."

बोझेनाला समोरच्या स्विहलोवाबाईचा दिवाणखाना दिसला. खिडकीत सोनेरी चांदणी, लढाईत पोरगा गेलेल्या घरी लावतात ती, खाली लेसच्या रुमालावर मुलाचा माउथ ऑर्गन, आणि रोज त्यावरची धूळ पुसणारी आई. आठवण मेलेल्यांची ठेवतात. ही काच एकदा का भिंतीला लागली, की येणारा-जाणारा तिच्यासमोर आवाज खाली आणणार, आणि मग आपणही आणणार.

"दार राहू दे तुमचं," ती म्हणाली.

"अगं, पण दोन दिवस तूच तर—"

"तो आला की दुसरं काढून देईल. त्याला काय धाड भरलीय?"

तिनं काच बाकावर पालथी घातली आणि पातं लावलं. आभाळ गेलं, झाडं गेली, तळं गेलं. इतक्या झपाट्यानं तिनं कधीच काम केलं नव्हतं. कुबात बाजूला उभा राहिला. लाल टोप्या गेल्या, हसरे गाल गेले. मग उघड्या काचेवर नुसते डोळे राहिले, लुबोरनं सगळ्यात आधी काढलेले, पाच पोरांचे दहा.

तिनं त्यांच्यावर पातं टेकवलं. हात हलेना. तिनं मनगट दुसऱ्या हातानं धरलं, तरी हलेना.

"कुबात," ती म्हणाली, आणि आवाज खाली आला होता. "एवढं तुम्ही करा."

पातं त्याच्या हातात देऊन ती खिडकीकडं तोंड करून उभी राहिली, आणि तो खरवडायला लागला तसं तिनं दोन्ही कान दाबून धरले.