पहिला खांदा

"जरा खाली सरक," हैबती म्हणाला आणि वाटीसारखा पोकळ केलेला तळवा हर्षदच्या पाठीवर आपटू लागला.

डोके उताराला, पोटाखाली उशी, असा हर्षद रोज सकाळी अर्धा तास पडून राही. छातीत चिकट कफ साचवणारा जन्माचा आजार. तो नऊ वर्षांचा असताना मुंबईच्या डॉक्टरांनी नाव सांगितले सिस्टिक फायब्रोसिस. घरच्यांनी ते 'छाती' असे सुटसुटीत करून टाकले. तेव्हापासून सतरा वर्षे हैबतीने, त्याच्या बापाने, एक सकाळ चुकवली नव्हती. त्याच्यासारखी पाठ दुसऱ्या कुणाला ठोकता येत नसे, आणि हर्षदला त्याचा छुपा अभिमान होता.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्यांच्या वाडीत घरे सात. शिमग्याच्या पालखीचा पहिला खांदा दरवर्षी एका घराचा, आणि मान थोरल्या मुलाचा. शहाण्णवच्या शिमग्याला हर्षद एकोणीस वर्षांचा होता आणि नेमका महाडच्या दवाखान्यात सलाईन लावून पडला होता. आता सात वर्षांनी पाळी फिरून आली होती. या खेपेला त्याने दिवाळीपासूनच कंबर कसली. खांद्यावर लाकडांचा भारा घेऊन तो सहाणेचा चढ चढायचा, पालखी टेकवतात त्या चौथऱ्यापर्यंत. सुरुवातीला वाटेत तीनदा बसावे लागे. गेल्या आठवड्यात एकदाही बसला नाही. घरी येऊन बापाला ते सांगताना त्याला हसू आवरत नव्हते.

अंगणात चांगू गुरव आला. हातात नारळ आणि पालखीच्या दांड्याखाली घ्यायचा कोरा पंचा. हर्षद उठून बसला आणि त्याने हात पुढे केला.

चांगूने पंचा मागे घेतला. "तुजा नाय रे. जितेशचा हाय. मुंबैवरनं आला ना तो?"

धाकटा जितेश कालच्या एसटीने आला होता आणि आत घोरत होता.

"थोरला मी हाय, चांगूकाका."

"आरं, पण मान तूच सोडलास ना? माघातल्या बैठकीला तुज्या बापानंच सांगितलं. आमी म्हटलं, पोर समजूतदार हाय."

हैबती तेलाची वाटी शोधू लागला. ती त्याच्या पायाशीच होती.

माघात. म्हणजे गेल्या आठवड्यात हर्षद चढाचे सांगत होता तेव्हा सगळे केव्हाच ठरले होते, आणि बापाने "बेस झालं" म्हणून ऐकून घेतले होते. हर्षदच्या डोक्यात तिडीक गेली. गावाने नाही म्हटले असते तर तो गावाशी भांडला असता. या माणसाशी कसे भांडायचे ते त्याला कळेना.

पंचा दाराच्या खुंटीला अडकवून चांगू निघून गेला.

"चढावर दम कोंडला असता तर?" हैबती पुटपुटला. "समद्यांच्या म्होरं. माज्यानं बघवलं नसतं."

"मला इचारायचं तरी."

"पुढल्या पाळीला तूच घे. कोण आडवतो बघू."

"किती वर्सांनी, बाबा?"

खालच्या वाडीत ढोल वाजू लागला. हैबतीने उशी सारखी केली.

"पड. डावी बाजू ऱ्हायली."

हर्षदने सदरा अंगात घातला आणि सगळी बटणे लावली.

"डावी जितेशला ठोकू दे," तो म्हणाला. "हा मानबी त्यालाच द्या."

तो पायरी उतरून अंगणात गेला. हैबती उशीपाशी बसून राहिला. त्याचा तळवा अजून तसाच पोकळ होता.