कड्यावरचा ठिपका

बाबांच्या दुर्बिणीला बुरशी लागली आणि आमच्या घरात भांडण लागलं.

दुर्बीण म्हणजे त्यांच्या रायफलीवरची. बाबा गेल्यावर रायफल माझ्याकडे आली, कारण दादाचं डोकं फटाक्यानेही दुखतं. दर रविवारी क्लबच्या मैदानावर मी चटईवर पालथी पडून नेम धरते. माझ्या मागे, जरा उजवीकडे, घडीच्या खुर्चीत आई बसते, तिपाईवरच्या दुसऱ्या दुर्बिणीला डोळा लावून. गोळी कुठे लागली ते ती सांगते. बाबांच्या वेळीही ती तिथेच बसायची. खुर्ची तेवढी दोनदा बदलली.

दुर्बिणींचा दुकानदार क्लबातलाच जुना माणूस, सगळे त्यांना भिंगवाले म्हणतात. त्यांनी बाबांची दुर्बीण उजेडाकडे धरली, आतलं पांढरं जाळं पाहिलं आणि आता हिला निवृत्त करा म्हणाले. मग काउंटरवर मऊ कापड अंथरून त्यांनी दोन नव्या दुर्बिणी मांडल्या. एक फर्स्ट फोकल प्लेनची, एक सेकंडची. आम्ही दोघींनी, आईने आणि मी, आळीपाळीने त्या समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीवर रोखून पाहिल्या. टाकीवर कावळा होता, तो पहिल्यांदा आईलाच दिसला.

फरक साधा होता. दोन्हींत नेम धरायची फुली दिसते आणि तिच्या रेघेवर बारीक खुणा असतात. निशाण जितकं लांब तितकी खालची खूण त्यावर धरायची. पहिल्या दुर्बिणीत नळीवरचं कडं फिरवून चित्र मोठं केलं की फुलीही त्याच्याबरोबर मोठी होते, म्हणून खुणांचं माप कधीच चुकत नाही. दुसरीत फुली आहे तेवढीच राहते आणि माप कड्याच्या एकाच जागी खरं ठरतं. कडं त्या जागेवर आणायचं विसरलात, की गोळी कुठल्या कुठे जाते.

बाबांची दुर्बीण ही अशी दुसऱ्या जातीची. त्यांच्या कड्यावर ती खरी जागा आईने स्वतःच्या नेलपॉलिशने रंगवली होती, लाल ठिपका देऊन. आणि बाबा तर विसरभोळ्यांचे राजे. निशाण शोधायला कडं मागे घ्यायचे आणि तसेच नेम धरायचे. म्हणून चापावर बोट जायच्या आत मागून आईचा आवाज यायचा, "ठिपक्यावर?" बाबा कड्याकडे बघायचे, गरज असली तर फिरवायचे आणि म्हणायचे, "ठिपक्यावर." माझं अख्खं लहानपण या दोन शब्दांवर गेलं. आजही कुठे बंदुकीच्या तेलाचा वास आला की मला आधी तेच ऐकू येतं.

फक्त एकदा आईने विचारलं नाही. तिचं शिलाई मशीन बाबांनी तिला न विचारता आत्याला देऊन टाकलं होतं आणि घरात कडक अबोला होता. आई मैदानावर आली, खुर्चीत बसली आणि तोंडात मिठाची गुळणी धरून राहिली. बाबांच्या सगळ्या गोळ्या निशाणाच्या फळीच्या वरून मातीच्या बांधात गेल्या. क्लबात हसू झालं. संध्याकाळी बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "भांड हवं तेवढं. पण ते तरी विचारायचंस." आईला हसू आवरलं नाही. आठवडाभरात मशीन घरी आलं आणि तेव्हापासून नियमच झाला, की ठिपक्याचा प्रश्न अबोल्यात धरायचा नाही.

तर भिंगवाल्यांच्या दुकानात आई म्हणाली, "पहिली घे. विसरलीस तरी बिघडत नाही. तू बापावर गेली आहेस."

"मग तू मागे बसून काय करणार?" मी विचारलं.

"मी कशाला येऊ? घरी बसेन. गुडघे तरी वाचतील."

तिने हे अगदी सहज म्हटलं, पिशवीची नाडी ओढत. बाबा गेल्यापासून आई घराबाहेर पडते ती रविवारीच. त्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसते, टोपी घालते आणि शेजारच्या नेमबाजांनाही न विचारता चुका सांगते. ते काम गेलं तर ती खिडकीपाशी बसून राहील, हे मला लख्ख दिसत होतं.

मग मी सबबी सांगायला लागले. पहिलीत चित्र लहान केलं की फुली केसासारखी बारीक होते, माझ्या चष्म्यातून दिसत नाही वगैरे. भिंगवाले म्हणाले, तेही खोटं नाही, दुसरीची फुली कायम ठसठशीत. फक्त तिला आठवण करून देणारं माणूस लागतं. मी दुसरी घेतली. नव्या कड्यावरची खरी जागा कुठल्या आकड्यावर आहे, ते त्यांनी दोघींना दाखवलं.

"माझी सोय म्हणून घेतलीस," आई जिन्यात म्हणाली. "मला काही कळत नाही असं समजू नकोस."

त्यानंतर तोंड बंद. जेवण गार होतंय हा निरोपसुद्धा माझ्या लेकीमार्फत. मीही तिचीच मुलगी, मी कशाला नमतं घेते. पण आतून पार रडकुंडीला आले होते, कारण जे टिकवायला दुर्बीण घेतली तेच हातचं गेलं होतं.

रविवारी मी एकटीनेच निघायची तयारी केली. खाली आले तर आई टोपी घालून, खुर्ची मांडीवर घेऊन आधीच गाडीत बसलेली. वाटेत एक शब्द नाही. मैदानावर तिने खुर्ची उघडली, तिपाई लावली आणि डोळा लावला. मी चटईवर पडले. फळ्यांच्या रांगेतून आपली फळी शोधायला कडं मागे घेतलं, फळी सापडली, श्वास सोडला, बोट चापाकडे नेलं. मुद्दाम केलं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण मी खरंच विसरले होते.

मागे खुर्ची करकरली. आईने घसा साफ केला.

"ठिपक्यावर?"

नव्या दुर्बिणीला कुठला आलाय ठिपका, असं म्हणायला मी मान वर केली आणि कड्याकडे पाहिलं. कड्यावर ठिपका होता. जांभळा, चमचमणारा, माझ्या लेकीच्या बाटलीतला. चांगला मसुरीएवढा आणि कडेने फरकटलेला, कारण आईचा हात आता कापतो. पण होता बरोबर त्याच आकड्यावर.

कडं मात्र त्याच्यापासून लांब होतं. मला समोरची फळी दिसेनाशी झाली.

"आधी डोळे पूस," आई म्हणाली. "आणि मग सांग."

मी बाहीने डोळे पुसले, कडं फिरवून जागेवर आणलं.

"ठिपक्यावर," मी म्हणाले.