वाढलेले पाच किलो

मित्रांनो, पाय पुसून या, मग निवांत बोलू. मी वजनकाटा आहे, आणि चांगला जुना आहे. हल्लीच्या काट्यांसारखे माझ्या पोटात दिवे लागत नाहीत. माझ्या डोक्यावर गोल काच आहे, तिच्याखाली आकड्यांची तबकडी फिरते आणि थांबली की जे असेल तेच दाखवते. मला फसवायचे प्रयत्न पुष्कळांनी केले. कोणी एकच पाय टेकवून पाहिला, कोणी श्वास रोखून धरला, एका काकूंनी तर चष्मासुद्धा काढून बाजूला ठेवला. मी कोणाचीही भीड ठेवली नाही.

कारखान्यात माझा पत्रा कापला, आत स्प्रिंगा बसवल्या आणि अंगावर लोखंडी वजनं ठेवून माझी परीक्षा घेतली. पास झाल्यावर मी एका लहान मुलांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. तिथे मला मावशी भेटल्या. त्या दवाखान्यात मदतनीस होत्या. मुलं रडायची, लाथा झाडायची, एकटी माझ्यावर उभी राहायचीच नाहीत. मग मावशी आधी आईला बाळासकट उभं करायच्या, नंतर बाळ स्वतःच्या कडेवर घेऊन एकट्या आईला. वजाबाकी त्या तोंडी करायच्या आणि ओरडायच्या, "वाढलं गं बाई! पाव किलो वाढलं!" मग आई हसायची, डॉक्टर हसायचे, रांगेतली अनोळखी माणसंही हसायची. त्या दवाखान्यात वाढलेला आकडा म्हणजे आनंदाची बातमी. बावीस वर्षं आम्ही दोघांनी ती बातमी वाटली. माझं काय ते कौतुक तेव्हा झालं.

डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला. "हा तुम्हीच न्या, तुमच्याइतका कोणाला कळणार?" असं म्हणून त्यांनी मला मावशींच्या स्वाधीन केलं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, कपाटाशेजारी मला जागा मिळाली. तिथे मला विचारणारं फारसं कोणी नव्हतं. मावशींचे यजमान, म्हणजे आमचे काका, बाइंडर. जाडजूड पुस्तकं शिवण्यात जन्म गेला, बोटांना कायम खळीचा वास. येता-जाता ते माझ्यावर चढायचे आणि म्हणायचे, "चौसष्ट. अगं, तुझा काटा बिघडलाय, दहा वर्षं चौसष्टच दाखवतोय!" मावशी म्हणायच्या, "काटा नाही बिघडला, तुम्हीच ढिम्म आहात."

त्या ढिम्म माणसाच्या छातीत एक दिवस जिन्यातच कळ आली. हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, छाती उघडून ऑपरेशन करावं लागेल. अठरा वर्षांची शुगर होती, मूत्रपिंडं थोडी कमजोर होती, वय अडुसष्ट. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काकांनी सांगितलं की, सिगारेट सोडून वर्ष झालं. ते वर्ष खरं तर आठवडाभराचं होतं. हे मला ठाऊक होतं, कारण पाकीट माझ्याच मागे लपवलेलं असायचं.

ऑपरेशन पार पडलं. सिगारेटमुळे फुप्फुसं रुसली, शुगरमुळे जखम लवकर भरेना, म्हणून मुक्काम लांबला. अठराव्या दिवशी काका घरी आले. मावशींनी त्यांना धरून माझ्यावर उभं केलं. एकोणसाठ. मावशींच्या डोळ्यांत पाणीच आलं. "पाच किलो गेले हो तुमचे. मी भरून काढते बघा." त्या दिवसापासून त्यांचा एकच ध्यास, माणूस पुन्हा चौसष्टवर आणायचा.

संध्याकाळी काकांनी शेजाऱ्यांना इस्पितळातली गंमत सांगितली. घरी सोडताना सिस्टर कागदावरची एकेक ओळ समजावत होती. जखम, ताप, गोळ्या, शुगर. वजनाच्या ओळीवर ती आली आणि मावशींनी तिला थांबवलं, "ताई, वजनाचं मला नका शिकवू. बावीस वर्षं तेच केलंय." सिस्टर हसली आणि पुढच्या ओळीवर गेली. ऐकणारे सगळे हसले. काका कौतुकाने म्हणाले, "आमच्या डॉक्टरीणबाई!" कागद औषधांच्या पिशवीत घडी घालून राहिला.

पहिला आठवडा काटा एकोणसाठच्या आसपास राहिला. मावशी रोज सकाळी वहीत आकडा लिहायच्या. दुसऱ्या सोमवारी मी साठ दाखवले. "लागलं! अंगी लागायला लागलं!" मावशींनी अख्ख्या मजल्याला सांगितलं. बुधवारी साडेएकसष्ट. शुक्रवारी त्रेसष्ट. त्यांचा तोच जुना आवाज परत आला होता, बाळांच्या वेळचा. मित्रांनो, तो आवाज ऐकून मला खूप बरं वाटायला हवं होतं.

पण माझ्यावर पावलं टेकत होती ना! मला ती रोज कळत होती. सोमवारी बोटं मोकळी होती, शुक्रवारी पाऊल गच्च, तुकतुकीत झालं होतं. माणूस अर्धंच जेवत होता आणि वजन मात्र धावत सुटलं होतं. माझ्यावरून उतरल्यावर काका दाराची चौकट धरून उभे राहायचे. आडवं झोपलं की श्वास लागतो म्हणून तीन उशा लावून बसायचे. मावशी म्हणायच्या, "छाती कापलीय, वेळ लागणारच. चेहरा बघा कसा भरलाय!" काकाही म्हणायचे, "छे, मी ठणठणीत आहे." त्यांना पुन्हा इस्पितळात जायचं नव्हतं आणि बायकोचा आनंदही मोडायचा नव्हता. मी फक्त आकडा दाखवू शकतो हो. आकड्याचा अर्थ मला ओरडून सांगता येत नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात याएवढं दुःख मला कशाचंच झालं नाही.

रविवारी सकाळी चौसष्ट भरले. मावशींनी वहीत लिहिलं आणि शेजारी 'छान' असं लिहिलं. "आलात परत माझे तुम्ही," त्या म्हणाल्या.

दुपारी त्यांची मुलगी आली. दुसऱ्या गावी शिक्षिका आहे. बाबांच्या पाया पडायला वाकली, घोट्यावर तिचं बोट टेकलं आणि तिथे खळगा पडला. बोट उचललं तरी खळगा तसाच.

"आई, हे कधीपासून आहे? इस्पितळाचा कागद कुठंय?"

पिशवी पालथी केली. तिने वाचलं, "वजन एका दिवसात एक किलो किंवा आठवड्यात दोन किलो वाढल्यास अंगात पाणी साचत असण्याची शक्यता. त्वरित संपर्क साधा." मग तिने वही उघडली. तो 'छान' तिने पाहिला आणि वही मिटली. मावशी माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या.

रुग्णवाहिका आली. काका जाताना मावशींना म्हणाले, "तू जीव लावून सगळं केलंस, मनाला लावून घेऊ नकोस." पुढे नऊ दिवस घर बंद होतं. दहाव्या दिवशी मायलेकी दोघीच परत आल्या. हृदय थकलं होतं, त्यात मूत्रपिंडांनी हात टेकले. डॉक्टरांनी सांगितलं की, कारणं बरीच होती. जुनी शुगर, सिगारेट, वय. मावशींनी एकच विचारलं होतं, "सोमवारीच आणलं असतं तर?" डॉक्टर म्हणाले, "कदाचित." या एका शब्दाने त्या पार खचल्या. त्यांनी मला पलंगाखाली सरकवलं. माझ्या काचेवर धूळ बसली आणि सात-आठ महिने मला कोणी हात लावला नाही.

परवा तळमजल्यावरचा इलेक्ट्रिशियन दारात आला. त्याच्या आईचंही हृदयाचं ऑपरेशन झालंय, कालच घरी आणलंय. "मावशी, तुमचा काटा मिळेल का? रोज वजन करायला सांगितलंय."

 मावशी पलंगाखाली वाकल्या, मला बाहेर ओढलं आणि पदराने काच पुसली. पण मला त्याच्या हातात दिलं नाही.

"कागद दिलाय ना त्यांनी? आण."

"वाचलाय मावशी मी."

"आण म्हणते ना. आणि इथे मोठ्यानं वाच."

तो बिचारा खाली जाऊन कागद घेऊन आला आणि दारात उभा राहून वाचू लागला. वजनाची ओळ आली. मावशी म्हणाल्या, "पुन्हा वाच." त्याने वाचली. "पुन्हा." त्याने आणखी मोठ्याने वाचली. त्याला वाटलं, म्हातारीला ऐकू कमी येतं.

मित्रांनो, मी आता तळमजल्यावर आहे. तुमच्या घरी असं कोणी बरं होऊन आलं, तर कागदाची शेवटची ओळ वाचेपर्यंत "मला माहीत आहे" असं म्हणू नका. माझा आकडा नुसता लिहू नका, तो काय सांगतोय ते डॉक्टरांना विचारा. मला बोलता येत नाही, पण तुम्हाला येतं.