खाऱ्या तुकड्यातलं तण

मामाच्या शेताच्या खालच्या तुकड्यात गहू उगवला, पण वाढायचं नाव घेईना. ऊन चढलं की सरींवर मिठाचा पांढरा थर चमकायचा. भाचीनं ती काम करायची त्या शहरातल्या प्रयोगशाळेतून बाटलीभर जिवाणू आणले होते आणि पेरणीआधी अर्ध्या बियाण्याला चोळले होते. उरलेलं बियाणं तसंच पेरलं होतं. आता दोन्हीकडची रोपं सारखीच खुजी आणि सारखीच निस्तेज होती.

"तुझे बाटलीतले जावईबापू रुसलेले दिसतात," मामी म्हणाली. "हातपाय हलवायला तयार नाहीत."

मामा हसला नाही. बांधापलीकडच्या कोळंबीवाल्यानं हा तुकडा तळ्यासाठी मागितला होता. एकदा खणून खारं पाणी भरलं की तिथं पुन्हा पीक घ्यायची आशाच सोडायची.

"पुढच्या पेरणीआधी त्याला काय ते सांगायचंय," मामा म्हणाला. "त्याला नकार द्यायला मला काहीतरी कारण दे, पोरी."

प्रयोगशाळेत परतल्यावर भाचीनं मातीचा अहवाल पुन्हा काढला. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, भरपूर होता, पण चुन्याशी घट्ट बांधलेला, मुळांना न मिळणारा. जिवाणूंनी सौम्य आम्ल सोडून तो मोकळा करायचा, एवढंच तर काम होतं. मग अडलं कुठं? तिनं शेतात होतं तेवढं मीठ जिवाणूंच्या खाद्यात मिसळलं, ते काचेच्या थाळीत ओतलं आणि बाटलीतले जिवाणू त्यावर सोडले. थाळी कोरीच राहिली; जिवाणूंचा एकही ठिपका उगवला नाही.

तिनं कपाळाला हात लावला. प्रयोगशाळेत या जिवाणूंच्या कितीतरी पिढ्या बिनमिठाच्या खाद्यावर लाडात वाढल्या होत्या. मीठ सोसेल का, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तिनंसुद्धा नाही.

मिठात जगणारे हवे असतील तर ते मिठातच शोधायला हवेत. गव्हाला जिथं जमेना, तिथं लाल देठाचं एक मांसल तण मात्र मजेत वाढत होतं. त्याच्या मुळांशी कोण नांदत असेल? तिनं लगेच फोन लावला. "मामा, गहू काढून झाला की मी खालच्या तुकड्यातले नमुने घ्यायला येते." नमुने कशाचे, ते सांगायचं राहिलं.

ती पोचली तेव्हा तुकडा अगदी लख्ख झाला होता.

"तू येणार म्हणून काडीसुद्धा ठेवली नाही," मामा कौतुकानं म्हणाला.

तिनं चारीकडं पाहिलं. "आणि ते लाल देठाचं तण?"

"ते होय? तिकडं पेटवलंय."

तिनं पिशवी टाकली आणि धूम ठोकली.

"अहो, ही कचऱ्यासाठी धावतेय!" मामी ओरडली. "घ्या की फावडं!"

ढीग एका बाजूनं धुमसत होता. भाचीनं दुसऱ्या बाजूनं हातानंच तण ओढून काढायला सुरुवात केली. मामानं धापा टाकत फावड्यानं माती लोटून आग दाबली. धुरानं तिघांचे डोळे लालबुंद झाले.

"तण हवंय म्हणून सांगायचं ना गं!" मामा म्हणाला.

"तुम्हाला वाटलं मी काय नेणार?"

"माती! शिकलीस मातीचं, मग मातीच नेणार ना!"

तळातली मुळं अजून ओलसर होती, माती धरून होती. तिनं ती लेकराला घ्यावं तशी अलगद पिशवीत भरली.

पेरणी जवळ आली तेव्हा तिनं दोघांना प्रयोगशाळेत बोलावलं. थाळी दुधासारखी पांढरी होती आणि तिच्यावर तणाच्या मुळांवरल्या जिवाणूंचे बरेच ठिपके उगवले होते. त्यातल्या थोड्यांभोवती स्वच्छ, पारदर्शक कडं पडलं होतं.

"पांढरं दिसतंय तो चुन्याशी बांधलेला स्फुरद. कडं पडलंय तिथला यांनी मोकळा केलाय," ती म्हणाली.

"एवढ्या मिठात?" मामीनं विचारलं.

"तुमच्या शेतात आहे तेवढ्याच."

खिडकीत दोन कुंड्या होत्या. दोन्हींत त्याच तुकड्याची माती आणि तोच गहू. एकीतली रोपं नेहमीसारखी मरगळलेली, दुसरीतली, बियाण्याला हे नवे जिवाणू चोळलेली, हिरवी आणि दोन बोटं जास्त उंच. मामा दोन्हींच्या मध्ये वाकून बराच वेळ पाहत राहिला.

"म्हणजे मीठ गेलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही मामा. हे फक्त अन्न सोडवून देतात. मीठ घालवायला पाणी वाहून जायला हवं, खोल चर काढावा लागेल. आणि कुंडीत जमलं ते शेतात जमेलच, असं मी आज सांगू शकत नाही."

मामानं मान हलवली आणि तिथंच उभ्या उभ्या कोळंबीवाल्याला फोन लावला. "हां, मीच बोलतोय. तळं नको. पण तुझं खोदायचं यंत्र भाड्यानं लागेल, चर काढायचाय. अरे, चेष्टा नाही करत! हो, त्याच तुकड्यात." पलीकडून मोठ्यानं काहीतरी ऐकू आलं. मामानं फोन कानापासून लांब धरला आणि भाचीकडं वळला.

"विचारतोय, चर कुठल्या बाजूला काढायचा?"

"उतार मोजल्याशिवाय कसं सांगू?"

"मग चल ना," मामी पदर खोचत म्हणाली. "इथं ठिपके मोजत काय बसलीस?"